कंप्रेसरचा आडोसा

बापूला रिकामं बसता येत नसे. ही काही कौतुकाची गोष्ट नव्हती. घरात तो एक आजारच समजला जाई. भावाभावांचं गाड्यांच्या रंगकामाचं वर्कशॉप होतं. जागेच्या मालकाने जागा विकली, वर्कशॉप बंद झालं आणि उरलंसुरलं सामान टेम्पोत भरून बापूच्या गॅरेजमध्ये येऊन पडलं. तेव्हा बायको म्हणाली, "आता जरा शांत बसा." बापू शांत बसला, तो जेमतेम त्या आठवड्यापुरता. मग त्याने घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ज्या दारांची काहीच तक्रार नव्हती त्यांनाही घातलं. नंतर स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले, आणि त्यावरून घरात चांगलाच अबोला झाला, कारण हळदीचा डबा कुठल्या कुठे गेला होता.

अशात लेकीचा फोन आला. तिने नवीन घर घेतलं होतं. म्हणाली, "बाबा, आजीचं लोखंडी कपाट तुमच्याकडे नुसतं पडलंय ना? मला द्या. पण नीट रंगवून द्या हं. नुसता ब्रश फिरवून नको, गाडीला देतात तसा गुळगुळीत रंग हवा."

बापूला काय, मांजराला दुधाची वाटी दाखवल्यासारखं झालं. फोन ठेवला आणि तो थेट गॅरेजमध्ये गेला.

गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती राहिली. एका भिंतीला आईचं कपाट होतं, दुसऱ्या भिंतीला जुने बंपर आणि आरसे, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली कंप्रेसर. वर्कशॉपचा जुना, धिप्पाड कंप्रेसर. खाली लांबोडी लोखंडी टाकी, तिच्या पाठीवर मोटर आणि पंप, दोघांना जोडणारा रबरी पट्टा. मोटर फिरली की पंप हवा ओढतो, टाकीत कोंबतो, आणि ती कोंबलेली हवा नळीतून रंगाच्या गनपर्यंत येऊन रंगाचा बारीक फवारा उडवते. बापूच्या घरची चूल ज्या रंगावर पेटली, तो सगळा ह्या यंत्राच्या श्वासावर उडालेला होता.

त्याने ताडपत्री काढली. पंपातलं तेल काळं पडून घट्ट झालं होतं. ते काढून नवं भरलं. पट्ट्याला भेगा पडल्या होत्या. नवा पट्टा चढवला आणि पट्ट्याची दोन्ही चाकं एका रेषेत आहेत ना, हे दोरी ताणून बघितलं. टाकीच्या बुडाची तोटी उघडली तर गंजाचं तांबडं पाणी भळभळा वाहिलं. वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी लाईन ओढून घेतली, नाहीतर मोटर सुरू झाली की घरातले दिवे मान टाकणार. सांध्यांना टेप गुंडाळली, हवा भरली, आणि साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडे येतात का ते बघितलं. एका ठिकाणी आले. तिथे पाना फिरवला. दाबाचा काटा वर चढला आणि मोटर आपोआप बंद झाली, तेव्हा बापूने स्वतःशीच टाळी वाजवली.

कपाटावरचा जुना रंग आधी घासून काढायचा होता. त्याच्याकडे हवेवर चालणारं घासायचं मशीन होतं, पण ते भलतंच खादाड. ते चालू असेपर्यंत टाकी भरायचं नाव घेत नाही, म्हणजे कंप्रेसरही थांबायचं नाव घेत नाही. गंजाची आणि रंगाची पूड घरात उडेल म्हणून बायकोने आधीच बजावलं होतं, त्यामुळे बापूने नाकातोंडाला फडकं बांधलं, शटर जवळजवळ खालपर्यंत ओढलं आणि काम सुरू केलं. दुपारभर तो, कपाट आणि कंप्रेसर असे तिघे त्या बंद खोलीत होते. यंत्र एवढं दणादणा वाजत होतं की भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेले पाने हलत होते. बायको दोनदा शटरखालून वाकून काहीतरी ओरडून गेली. काय ओरडली ते बापूला कळलं नाही, आणि कळून घ्यायची त्याला गरजही वाटली नाही. तो खूश होता.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याला एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.

"गॅस चालू राहिलाय का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

तो उठून स्वतः बघून आला. मग इन्व्हर्टरपाशी जाऊन उभा राहिला. मग टीव्ही बंद आहे का ते बघितलं. टीव्ही बंदच होता. मग फ्रीजच्या मागे वाकून कान लावला.

"जेवण गार होतंय," बायको म्हणाली.

"काय?"

"म्हटलं, जेवण गार होतंय!"

"अगं, पण हे वाजतंय काय?"

"घरात काही वाजत नाहीये. तुमचे कान वाजतायत. वाजणारच! दुपारभर त्या राक्षसाजवळ कोंडून घेतलं होतंत की."

बापू फ्रीजच्या मागे वाकला होता, तो तसाच राहिला.

त्याला दादा आठवला. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. वर्कशॉपमध्ये कामाची वाटणी सरळ होती. दादा रंगवायचा, बापू गिऱ्हाईक सांभाळायचा, सामान आणायचा, ठोकाठोकी करणाऱ्या कारागिरांवर नजर ठेवायचा. त्यामुळे बापूचा अर्धा दिवस स्कूटरवर जाई आणि उरलेला फाटकाजवळच्या टेबलाशी. दादा मात्र सकाळी रंगाच्या खोलीत शिरला की जेवायलाच बाहेर पडे. ती खोली बंद ठेवावी लागे, धूळ नको म्हणून. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात, दादाच्या पाठीमागे, हा कंप्रेसर होता.

एकदा चहाच्या वेळी, दोन-चार गिऱ्हाइकं बसलेली असताना, दादा म्हणाला होता, "बापू, माझ्या कानात रातकिडा बसलाय रे. जातच नाही."

बापू म्हणाला होता, "मग त्याच्याकडून भाडं घ्यायला लाग."

सगळे हसले होते. दादाही हसला होता.

बापूची शिट्टी सकाळपर्यंत गेली. तो उठला तेव्हा घर नेहमीसारखं होतं. नळाचं पाणी, शेजारणीचा पाळीव पोपट, सगळं जागच्या जागी ऐकू येत होतं. त्याचा रातकिडा रात्रीचा पाहुणा होता, सकाळी चालता झाला. दादाचा मुक्कामाला राहिला होता, आणि मग त्याने घरमालकालाच, दादाच्या ऐकण्यालाच, बाहेर काढलं होतं.

तसं दादाने सांगितलं नव्हतं असं नाही. एकदा नाही, पुष्कळदा सांगितलं होतं. "अरे, ह्या कंप्रेसरला मागच्या बोळात काढू. वर पत्रा टाकू, भिंतीला भोक पाडून नळी आत घेऊ. काय मोठंसं काम आहे?" बापू दर वेळी "करू" म्हणे. मनापासून म्हणे. पण आधी हातातल्या गाड्या निघू देत; मग, पाऊसपाण्यात मोटर भिजली तर; मग, बोळातून कुणी पंपच उचलून नेला तर. खरं कारण वेगळंच होतं. त्या बोळात बापूचं भंगार होतं. ठोकलेले बंपर, तडकलेले दिवे, कुठल्या कुठल्या गाड्यांची दारं. कधीतरी कुणालातरी लागेल म्हणून जमवलेलं. ते हलवायचं म्हणजे टाकून द्यायचं, आणि ते बापूच्या जिवावर येई. त्यातलेच काही बंपर आजही ह्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभे होते. कुणाला लागले नव्हते.

चहा न घेताच बापू कामाला लागला.

गॅरेजची मागची भिंत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी होती. तिथे फुटक्या कुंड्या, एक गळकी बादली आणि तुटका झोपाळा होता. त्याने ते सगळं फाटकाबाहेर नेऊन ठेवलं, आणि मागोमाग बंपरही नेऊन ठेवले. बायको खिडकीतून बघत होती. तिला वाटलं, ह्यांना ताप आलाय. मग त्याने उरलेल्या फरशा बसवून चौथरा केला, त्यावर जुन्या टायरचे जाड तुकडे ठेवले, आणि शेजारच्या दोघांना हाताशी घेऊन कंप्रेसर त्या तुकड्यांवर चढवला. लोखंडी अँगलचा सांगाडा उभा केला, वर पत्रा, बाजूंना फळ्या. फळ्यांना आतून जुन्या गादीचे तुकडे मारले. हवा खेळायला खाली-वर फटी ठेवल्या, नाहीतर मोटर तापून बसेल. भिंतीला ड्रिलने भोक पाडून पाईप आत घेतला, आणि पाईपला टाकीकडे जरासा उतार दिला, म्हणजे हवेतलं पाणी गनकडे न येता टाकीत परत जातं. नाहीतर रंगावर फोड उठतात.

संध्याकाळच्या चहाला काम संपलं होतं.

त्याने बटण दाबलं. भिंतीपलीकडे कुणीतरी शिवणयंत्र चालवतंय एवढाच आवाज आला. बायको बाहेर आली, उभी राहून ऐकलं, म्हणाली, "हे झकास केलंत. आता दुपारी माझा डोळा तरी लागेल."

बापू चौथऱ्याच्या कडेवर बसला. हाताला फळ्यांचा भुसा लागला होता. बायकोची शाबासकी त्याला एरवी महिनाभर पुरत असे. आज ती घशाखाली उतरेना. एक दिवस. तोही पुरता नाही. एवढंच काम होतं ते. इतकी वर्षं ज्याला तो डोंगर म्हणत आला, ती मुंगीने उकरलेली चिमूटभर माती निघाली.

कपाटाचं प्रायमर त्याने स्वतः मारलं. मग रंगाचा पहिला हात मारायला गेला आणि जे व्हायचं तेच झालं. जन्मभर त्याने रंगाच्या गप्पा मारल्या होत्या, रंग मारला नव्हता. दाराच्या मधोमध रंगाचे ओघळ आले. ते पुसायला गेला तर बोटांचे ठसे उमटले.

"हात दाखवून अवलक्षण," बायको म्हणाली. "दादांना का नाही बोलवत?"

बोलवायचं त्याच्याही मनात होतंच. पण दादाला फोन करून उपयोग नसे. दादाच्या घरी फोन उचलायच्या त्या वहिनी.

"वहिनी, कपाटाचं काम आहे. आईचं कपाट. दादा येईल का?"

वहिनी म्हणाल्या, "विचारते. हल्ली कुठे जात नाहीत ते. पण आईंचं कपाट आहे म्हणता, तर येतील."

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बरोबर वहिनी होत्या. दादाच्या हातात कापडात गुंडाळलेली त्याची गन होती; वर्कशॉप बंद झालं तेव्हा त्याने एवढीच एक वस्तू घरी नेली होती. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले पांढरे केस, आणि चेहऱ्यावर ते हसू. हे हसू बापूला पूर्वी ओळखीचं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या माणसाचं हसू असतं ते. समोरचा चांगलंच काहीतरी बोलला असेल असं धरून चालणारं.

एके काळी हाच दादा बोलायला लागला की गिऱ्हाइकं गाडी तयार असूनही निघत नसत. एका गोष्टीतून दुसरी निघे, दुसरीतून तिसरी. नकला करी. एक म्हातारे गृहस्थ तर गाडीला ओरखडा नसतानाही चहाला यायचे. मग हळूहळू दादा कमी बोलायला लागला. गोष्ट सांगणाऱ्याला समोरचा कुठे हसला ते ऐकू यावं लागतं. ते येईना, तशी त्याची गोष्ट मध्येच थांबायला लागली. कुणी काही विचारलं तर मान हलवून आत निघून जाई. पुढे कानाचं यंत्र घेतलं, पण त्यात म्हणे माणसांपेक्षा ताटवाट्याच जास्त बोलत. ते कपाटात पडून राहिलं.

बापूने त्याला आधी मागे नेलं. आडोसा दाखवला, एक फळी बाजूला केली, टायरचे तुकडे दाखवले. दादा उकिडवा बसला. पाईपवरून बोट फिरवत भिंतीपर्यंत गेला.

"उतार बरोबर दिलास," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, आणि सपाट.

बापू फुलला. दोघे गॅरेजमध्ये आले. दाराशी खुर्च्या टाकून बायको आणि वहिनी बसल्या होत्या. बापूने बटण दाबलं, भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं, आणि आडोसा झाल्यापासून येईल त्याला जे विचारत होता तेच, सवयीने, छाती काढून त्याने दादाला विचारलं,

"बघ दादा! येतो का आवाज?"

दादाला शब्द कळले नाहीत. पण बापू कसलीतरी वाट बघतोय हे कळलं. त्याने भिंतीकडे पाहिलं, बापूकडे पाहिलं, मग पुढे होऊन पाईपवर हाताचा तळवा टेकवला. थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"चालू झालाय वाटतं," तो म्हणाला.

बापूची बायको पदराशी चाळा करायला लागली. वहिनी मात्र सरळ बापूकडे बघत होत्या. ही बाई कधी दिराला उलट शब्द बोलली नव्हती.

"बैल गेला नि झोपा केला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे तेव्हा करायला काय झालं होतं?"

बापूने तोंड उघडलं. पाऊस, चोर, हातातल्या गाड्या, सगळं तोंडाशी आलं आणि लाज वाटून परत गेलं.

"भंगार होतं बोळात," तो म्हणाला.

"कसलं?"

"बंपर."

वहिनींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बापू दादाकडे वळला. असल्या गोष्टी माणूस हळू आवाजात बोलतो. खाली मान घालून, दोघांनाच ऐकू जाईल असं. ती सोय बापूने स्वतःच्या हाताने बंद केली होती.

"दादा, माझं चुकलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझं चुकलं!"

"काय चुकलं? पाईप? नाही रे, पाईप बरोबर आहे."

"पाईप नाही!" बापू ओरडला. "माझं! माझं चुकलं!"

कंपाउंडच्या भिंतीवर शेजारीणबाईंचं डोकं उगवलं. "काय झालं हो? कुणाला लागलं का?"

"काही नाही!" बापू त्यांच्यावरही ओरडला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मागे भिंतीपलीकडे मोटर आपली टाकी भरून गप झाली.

"काय म्हणतोय हा?" दादाने वहिनींना विचारलं.

वहिनी उठल्या. दादाच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "कंप्रेसर. तेव्हाच. बाहेर काढायला हवा होता. माझं चुकलं, म्हणतायत."

दादाने बापूकडे बघितलं. मग कपाटाकडे बघितलं. दारावरच्या ओघळांवर त्याची नजर थांबली.

"हे आधी घासायला लागणार," तो म्हणाला. "वॉटर पेपर दे. आणि सरक."

ओघळ घासून झाले. पूड पुसून झाली. दादाने गनच्या तोंडाशी असलेला स्क्रू फिरवून जुन्या पत्र्यावर एक फवारा मारून बघितला, आणि मग कपाटाला हात घातला. पूर्वी तो फवाऱ्याच्या सुसकाऱ्यावरून रंग दाट आहे की पातळ ते ओळखायचा. आता मान तिरपी करून, उजेडात ओला रंग कसा चमकतो ते बघत होता. पण हात तोच होता. कपाटाच्या एका कडेच्या जरा अलीकडून निघायचा, एका चालीत दुसऱ्या कडेच्या पलीकडे जाऊन थांबायचा. कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणं नाही. बापू भिंतीला टेकून बघत राहिला. इतकी वर्षं भावाबरोबर धंदा केला, पण दादा रंगवताना शेवटपर्यंत उभं राहून बघावं असं कधी सुचलं नव्हतं. त्या खोलीत आवाज फार असायचा.

रंग झाल्यावर सगळ्यांनी बाहेर चहा घेतला. दादा पायरीवर बसून थिनरने गन धूत होता. धुता धुता, वर न बघता, त्याने बोलायला सुरुवात केली. मोठ्या आवाजात, कारण त्याला दुसरा आवाज राहिला नव्हता.

"कानांचं एवढं नाही रे, बापू. कापूस घालायचो, तोही कधी घालायचो कधी नाही. मीपण हट्ट धरून बसलो नाही. एक दिवस काम बंद ठेवलं असतं तर तुला झक मारून बोळ रिकामा करावा लागला असता. नाही ठेवलं. धंदा दोघांचा होता."

बापू काहीतरी बोलायला गेला. दादाने थिनरचा हात वर केला.

"पण तू लोकांना सांगायचास, दादा शिष्ट झालाय. पैसा आला नि बोलेनासा झाला. टेबलाशी बसून सांगायचास. मला ऐकू येत नव्हतं, दिसत होतं ना. तू बोलायचास, मग ते सगळे वळून खोलीकडे बघायचे, आणि हसायचे. ते म्हातारे यायचे ना चहाला, त्यांनी यायचं सोडलं."

गनची नळी त्याने कापडाने पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली.

"त्याचा राग होता. अजून आहे थोडा. खोटं कशाला बोलू."

बापूने चहाचा कप खाली ठेवला. हे त्याला आठवत होतं. कान गेल्याचं तो गेले दोन दिवस मनात उगाळत होता. ह्या दुसऱ्या गोष्टीपाशी तो फिरकलाही नव्हता. त्याला तेव्हा खरंच वाटलं होतं की दादा शिष्ट झालाय. गिऱ्हाइकांसमोर हाक मारली तरी ओ देत नाही, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतो, हसण्याच्या जागी हसत नाही. भाऊ बहिरा होतोय, हे दिसायला त्याच्याकडे एकदा नीट बघावं लागलं असतं. टेबलाशी बसून बोलणं सोपं होतं.

"दादा..." तो म्हणाला. दादाला तेवढंही ऐकू गेलं नाही.

निघताना दादा फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, आणि वहिनी चप्पल घालता घालता थांबल्या.

"रागावून बोलले मघाशी. मनात धरू नका."

"तुम्ही बरोबर बोललात, वहिनी."

"एक सांगू? ह्यांना ओठांवरून बरंच कळतं. माझं कळतं, नातवाचं कळतं. दूधवाल्याचंसुद्धा कळतं. तुमचंच कळत नाही. तुमची मिशी ओठांवर येते."

बापूची मिशी म्हणजे गावभर ओळख होती. झुपकेदार, आता पांढरी झालेली. लग्नाच्या फोटोत ती होती, धंद्याच्या पाटीवरच्या चित्रात ती होती. वर्कशॉपच्या शेवटच्या काही वर्षांत दादाने किती वेळा त्या मिशीकडे टक लावून बघितलं असेल, आणि आपण "काय बघतोस?" म्हणून खेकसलो असू, याचा बापू हिशेब करायला लागला आणि मग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा बायकोच्या हातून वाटी पडली.

"अगंबाई!" ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बघतेय हा ओठ."

वरचा ओठ उघडा पडून पांढरट दिसत होता, उन्हात कधी न गेलेल्या पोटऱ्यांसारखा. बापू तसाच दादाकडे गेला. दार दादानेच उघडलं. तो बघत राहिला.

"मिशी?"

"तुला माझं बोलणं दिसावं म्हणून काढली," बापू म्हणाला. वहिनींसारखं, एकेक शब्द सुटा करून.

दादाने ते ओठांवरून वेचलं. त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग तो म्हणाला, "उजवीकडे वस्तरा लागलाय. रक्त आलंय. आत ये."

कपाट लेकीकडे गेलं. तिने फोन करून सांगितलं की येणारा प्रत्येक जण त्यावरून हात फिरवून बघतो. बापूने ते दादाला जाऊन सांगितलं आणि दादा खूश झाला.

आता आठवड्यातून एकदा बापू दादाकडे जातो. खिडकीकडे तोंड करून बसतो, म्हणजे उजेड त्याच्या चेहऱ्यावर येतो. पूर्वी दादा बोलायचा आणि बापू ऐकायचा. आता बहुतेक बापूच बोलतो, आणि त्याला बोलणं काही फारसं जमत नाही. मिशी काढली म्हणून जादू झाली नाही. भरभर बोलून जायची सवय जुनी आहे, आणि दादाचे डोळे लवकर थकतात. अर्धं कळतं, अर्धं जातं. जे जातं त्यावर दादा हसून मान हलवतो. ह्या मान हलवण्याचा अर्थ 'कळलं नाही' असा आहे, हे आता बापूला ठाऊक झालंय. मग तो पुढे जात नाही. थांबतो, तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत मांडून बघतो, पुन्हा सांगतो.

कधी कधी तिसऱ्यांदा सांगावं लागतं. कधी कधी सांगण्यासारखं ते मुळी काही नसतंच. भाजी महागली, वायरमन आला नाही, एवढंच. तरी तो सांगतो.